‘हौशी’ या एका शब्दाबद्दल

महोदय,

ब्राझीलमधल्या साओ पाउलोवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी वाचली, मध्ये एक रात्र जाऊ दिली आणि सकाळी पुन्हा वाचली. रात्रीने फारसा फरक पडला नाही, म्हणून हे उत्तर.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. लेखात एक चूक आहे. शाकाहारी वाचकांचा आणि खर्चाचा विचार केलेला नाही. ज्या मजुरांनी या इमारती बांधल्या आणि जे शहराच्या कडेला राहतात, त्यांच्याविषयी अवाक्षर नाही. आणि शेवटी आपले वाक्य जसेच्या तसे: ‘चार दिवस कॉफी पीत काँक्रीटचे फोटो काढत हिंडणे ही पोट भरलेल्या हौशी माणसांची चैन आहे, तिला शहर पाहणे म्हणू नये.’

चूक मान्य आहे. मास्प या कलासंग्रहालयाचे लाल खांब पहिल्यापासून लाल होते, असे माझ्या लेखातून सूचित होत होते. इमारत १९६८ साली खुली झाली तेव्हा ते उघड्या काँक्रीटचे होते आणि लाल रंग सुमारे दोन दशकांनी चढला. मी दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानते. हीच गोष्ट आपण ‘निदान एवढे तरी तपासायचे’ या शब्दांवाचून सांगितली असती, तर आभार थोड्या अधिक मोकळ्या मनाने मानता आले असते.

आता ‘हौशी’. मराठीत हा शब्द अपमानाचा नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्यांच्या रंगभूमीला आपण हौशी रंगभूमी म्हणतो आणि तिच्याविषयी आदराने बोलतो. आपण मात्र तो शब्द ‘पोट भरलेल्या’ला जोडून असा वापरला आहे की त्याचा अर्थ ‘ज्याला काही कळत नाही आणि ज्याचे काही अडत नाही असा माणूस’ एवढाच उरतो. आपण मला ओळखत नाही, म्हणून थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे.

माझे वडील सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्या-बल्ल्यांचा साचा उभारण्याचे, ठेकेदार होते. शाळेच्या उन्हाळी सुट्ट्या मी साइटवर बल्ल्या मोजण्यात आणि फळ्यांना ऑइल फासण्यात घालवल्या आहेत. स्लॅब टाकण्याच्या दिवशी घरात सकाळपासून कोणी मोठ्याने बोलत नसे. फळ्या काढल्यावर काँक्रीटला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसली की वडील काय म्हणत, ते इथे लिहिण्याजोगे नाही. पुढे बावीस वर्षे मी एका स्ट्रक्चरल सल्लागाराच्या कार्यालयात सळ्यांचे तपशील काढले. तेव्हा काँक्रीटचे फोटो मी का काढते, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे; त्याचे उत्तर आधीच ठरवून टाकण्याचा नाही.

साओ पाउलो विद्यापीठातील वास्तुकला विद्यालयाची इमारत वास्तुकार व्हिलानोव्हा आर्तिगास यांची, १९६९ सालची. तिला प्रवेशद्वार म्हणून दारच नाही. रस्त्यावरून चालत आले की माणूस नकळत आत असतो आणि रुंद उतारांवरून वरच्या मजल्यांवर जातो. तिथल्या काँक्रीटवर फळ्यांचे वळ जसेच्या तसे ठेवले आहेत. दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचे पाणी झिरपून जी बारीक कड उभी राहते, ती आमच्याकडे गिलाव्याखाली लपवतात. तिथे ती बोटाला लागते. मी त्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवत उभी होते, हे खरे आहे. आपण त्याला चैन म्हणा. माझ्या वडिलांना ती नोकरी वाटली असती.

आणि मास्प? वास्तुकार लीना बो बार्डी यांनी संग्रहालयाची पेटी जमिनीपासून आठ मीटर वर उचलली आणि तिच्या खाली ७४ मीटर लांबीची जागा एकही खांब न घालता मोकळी सोडली, कारण त्या जागेवरून खालच्या शहराकडे जाणारी दृष्टी अडवायची नव्हती. दोन खांबांमधल्या सहा मीटरच्या गाळ्याच्या बल्ल्या रात्री बॅटरी घेऊन पुन्हा तपासायला जाणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे. त्या छताखाली मला पहिली पाच मिनिटे उभेच राहवेना. हे ‘फोटो काढत हिंडणे’ या तीन शब्दांत बसत नाही.

कॉफीचेही तेच. आपल्याला वाटते मी शहर सोडून कॉफी पाहत होते. ते शहर उभे राहिले कॉफीच्या पैशावर. आव्हेनिदा पाउलिस्ता हा रस्ता १८९१ साली खुला झाला आणि त्यावर कॉफीच्या मळेवाल्यांनी हवेल्या बांधल्या. पुढे त्यातल्या बहुतेक पाडून तिथे टॉवर उभे राहिले. मळ्यांवर मजूर हवे होते म्हणून इटलीहून माणसे आली आणि १९०८ साली जपानी कुटुंबांना घेऊन पहिले जहाज सांतोस बंदराला लागले. पिझ्झा आणि लिबेरदाजी भागातली जपानी खानावळ या शहरात का आहेत, याचे उत्तर त्या पेल्यात आहे, आणि तेच मी तीन परिच्छेदांत लिहिले होते. ते परिच्छेद आपल्याला लांब वाटले. वाटोत.

राहिले ‘पोट भरलेल्या’. माझी बहुतेक कॉफी पादारियात, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीत, काउंटरला उभे राहून झाली. काउंटरमागचा माणूस पाव उभा चिरतो, लोणी लावतो, तापलेल्या तव्यावर उताणा ठेवून वरून दाबतो आणि कडा तपकिरी होईपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहतो. सोबत काचेच्या पेल्यात दूध आणि त्यात कॉफीची धार, तिला पिंगादो म्हणतात. माझ्या डावीकडे बस डेपोचा गणवेश घातलेला माणूस उभा होता. तोही हौशीच असावा.

आपण सेस्क पॉम्पेया हे सांस्कृतिक केंद्र पाहिले आहे का? विचारते आहे, कारण आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेत साओ पाउलोतल्या एकाही ठिकाणाचे नाव नाही. पिंपांचा जुना कारखाना न पाडता बो बार्डींनी त्यात वाचनाची जागा, शेकोटी, फरशीतून वळत जाणारा पाण्याचा प्रवाह आणि भोजनगृह बसवले. ते १९८२ साली खुले झाले. मागे काँक्रीटचे दोन मनोरे आहेत, एकाला खिडक्यांऐवजी वेडीवाकडी भोके, आणि दोघांना जोडणारे पूल. सेस्क ही संस्था व्यापारी क्षेत्रातील मालकांच्या वर्गणीवर कामगारांसाठी चालते. मी ट्रे घेऊन रांगेत उभी राहिले आणि लांब सामाईक टेबलावर अनोळखी माणसांमध्ये बसून भात आणि काळ्या घेवड्याची उसळ जेवले. पलीकडे दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. त्यांतला एक हरत होता आणि ते त्याला आवडत नव्हते. आधुनिक वास्तुकला म्हणजे श्रीमंतांचा नाद, असे म्हणणाऱ्याने त्या टेबलावर एकदा बसावे. नाट्यगृहातही बसावे: तिथल्या लाकडी खुर्च्यांना मुद्दाम गादी नाही, प्रेक्षकाने फार सैलावू नये म्हणून. काही प्रतिक्रिया लिहितानाही तशी खुर्ची उपयोगी पडेल.

आणखी एक. मी तिथे चार नव्हे, साडेपाच दिवस होते. साडेपाच दिवसांत शहर कळते असा दावा मी कुठेही केलेला नाही. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात उलट म्हटले आहे. तो आपण वाचला नसावा, किंवा वाचून सोडून दिला असावा. दोन्हींत फारसा फरक नाही.

शाकाहारी वाचकांनी वर सांगितलेला पाव आणि पिंगादो मागावा. फेइजोआदा हा काळ्या घेवड्याचा पदार्थ बुधवारी आणि शनिवारी सगळीकडे असतो आणि त्यात डुकराचे मांस असते, तेव्हा ते दोन दिवस जपून. घेवड्याची साधी उसळसुद्धा विचारूनच घ्यावी, तिच्यातही कधीकधी मांसाचे तुकडे असतात. खर्चाचा तक्ता मी कधीच देत नाही, जुने वाचक हे जाणतात.

शहराच्या कडेच्या वस्त्यांत मी गेले नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहिले नाही. त्या मुद्द्यावर मला यापलीकडे काही म्हणायचे नाही.

कळावे.