थकवा, चारकोल ऑन पेपर

परवाच्या रविवारी मी एका भिंतीवर टांगलेला सापडलो. तोंड अर्धवट उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात मफलर आणि पायाशी साडीच्या दुकानाची पिशवी. खाली कॅप्शन : 'थकवा. चारकोल ऑन पेपर. ६,००० रुपये.'

एका कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन होतं. फेब्रुवारी संपत आला की अशी प्रदर्शनं लागतात आणि मी ती चुकवत नाही. तीस वर्षं जलरंगात निसर्गचित्रं काढतोय, तेव्हा पोरं काय करताहेत ते बघायला हवं, अशी आपली एक समजूत. दाराशी टेबलावर बसलेल्या मुलीनं "पालक का?" असं विचारलं, तिथंच खरं तर मागे फिरायला हवं होतं. "नाही, चित्रकार," म्हटलं. तिनं वही पुढे केली. वहीत नाव, मोबाइल आणि 'पाल्याचे नाव' असे तीनच रकाने होते. चित्रकारानं काय भरायचं? तिसऱ्यात मी एक आडवी रेघ मारली.

पहिल्या खोलीत नेहमीचं स्टिल लाइफ. तांब्या, तीन कांदे, मागे चुण्या पडलेलं निळं कापड. आमच्या वेळचाच तांब्या असावा, पोचासुद्धा तिथंच होता. दुसऱ्या खोलीत प्रिंट्स आणि मातीची डोकी. तिसरीत हेड स्टडी, आणि त्यातच मी.

ओळख पटायला वेळ लागला, कारण स्वतःला झोपलेलं आपण कधी बघत नाही. पटवली ती पिशवीनं. नोव्हेंबरात सोलापूरला जायला पुणे स्टेशनवर बसलो होतो, गाडी दोन तास लेट. माझा डोळा लागला तेव्हा समोरच्या खांबाआड कुणीतरी पॅड घेऊन बसलं असणार. मला तक्रार करायला तोंड नाही म्हणा. विद्यार्थी असताना आम्हीही रात्री-रात्री त्याच फलाटांवर असायचो. झोपलेला माणूस हलत नाही, पैसे मागत नाही, आणि 'चित्र कसं आलंय?' म्हणून डोकावत नाही. हमाल, वारकरी, परीक्षेला आलेली पोरं, शेकडो माणसं काढली. एकालाही विचारलं नाही. हे सगळं मला आठवत होतं, तरी राग यायचा तो आलाच.

तेवढ्यात मागून 'खर्रर्र' असा आवाज आला. वळून बघतो तर सत्तरीचे एक गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, तीतून बाहेर आलेली मेथीची जुडी आणि हातात स्टीलचा टेप. त्यांनी टेपचं टोक माझ्या चित्राच्या फ्रेमला लावलं.

"जरा धरता का एवढं टोक?"

मी धरलं. का धरलं ते विचारू नका, पुण्यात ज्येष्ठ नागरिकानं टेपचं टोक पुढे केलं की माणूस धरतो.

"बावीस बाय तीस," ते म्हणाले. "मला छत्तीस हवंय. सोफ्याच्या वर मोकळी भिंत छत्तीस आहे. पण आडवं मिळत नाही हो. ही मुलं सगळी उभीच काढतात."

"पोर्ट्रेट उभंच असतं," मी म्हणालो.

"का?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "माणूस उभा असतो म्हणून."

"हा तर बसलाय," ते म्हणाले, आणि बिनतोड मुद्दा मांडल्यावर पुणेकर थांबतो तेवढं थांबले. मग पिशवीतून रेक्झिनचा एक चौकोनी तुकडा काढून त्यांनी चित्राशेजारी धरला. "सोफ्याचा रंग. चॉकलेटी. जातोय का बघा काळ्याबरोबर."

माझी नजर तुकड्यावर होती, त्यांची मात्र हळूहळू माझ्यावर स्थिरावली. तुकडा खाली आला. ते एकदा चित्राकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. शेवटी एकदम मोठ्यांदा : "अहो, हे तुम्हीच की!"

"नाही हो."

"कसं नाही? जरा मान खाली घाला. अजून. तोंड उघडा थोडं."

मी तोंड मुळीच उघडणार नव्हतो. पण "काय माणूस आहे!" असं म्हणायला उघडलं, आणि नेमका तोच क्षण त्यांनी पकडला. "बघा! बघा! हुबेहूब!"

माणसं जमली. मोजून अकरा. हे मी मुद्दाम सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, १९३८ साली तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या त्या सुंदर संग्रहालयात, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरच्या आई-मुलाच्या शिल्पासमोर मी एकदा दोन तास उभा होतो. त्या दोन तासांत दालनात मी होतो आणि भिंतीवर एक पाल होती. माझ्या स्वतःच्या शेवटच्या प्रदर्शनात चौथ्या दिवशी दुपारी एकच गृहस्थ आले, तेही स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायला. इथं अकरा माणसं माझ्या बंद डोळ्यांसमोर उभी होती, आणि उघड्या डोळ्यांच्या मला कोपरानं बाजूला सारत होती.

"काका, तुम्ही चित्राशेजारी उभे राहा ना, फोटो काढते," कुणाची तरी आई म्हणाली.

"मी स्वतः चित्रकार आहे," मी म्हणालो.

"हो का? अय्या!" आणि तिनं फोटो काढला. "आमची मुक्ता पण छान काढते. इंटरमिजिएटला ए ग्रेड. पण आता दहावी झाली, वाढीव गुण मिळाले, म्हणून बंद केलं."

मुक्ता शेजारीच उभी होती. तिच्या हाताला अजून चारकोल लागलेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. असो.

टेपवाल्या काकांनी एव्हाना घरी व्हिडिओ कॉल लावला होता. "अगं, हे बघ, चित्रातले गृहस्थ स्वतः आलेत! हे चित्र, आणि हे हे. घ्यायचं का?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग एक बाईंचा आवाज अगदी शांतपणे आला, "नको. घरात असं एक आहे."

आता कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घेता, मॉडेल होणं हाही मानच आहे. कबूल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' घ्या. सावंतवाडीचा हा चित्रकार, चित्र जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं. हाताच्या आडोशानं दिवा धरलेली ती बाई म्हणजे त्यांचीच मुलगी गीता. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि म्हैसूरची सहल करून आलेला आपला माणूस हमखास सांगतो, "काय ते रविवर्म्याचं चित्र!" रविवर्मा १९०६ साली गेले, पण श्रेय अजून घेताहेत. गीताताईंना मात्र शंभरी उलटल्यावरही लोक भेटायला जायचे. म्हणजे नाव राहायचं तर चित्रात असावं, चित्रामागे नसावं. दिनकर केळकरांचं संग्रहालय सगळ्यांना माहीत असतं, ते कविता 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे हे कमी जणांना. मी टोपणनाव न घेताच अज्ञातवासी आहे.

खरी मिरची लागली ती त्या सहा हजारांची. माझा वेण्णेकाठचा पावसाळा, पूर्ण शीट, किंमत साडेचार हजार, गेली तीन वर्षं घरी पलंगाखाली आहे. घेणारे येतात, "वॉटरकलर आहे ना, उडून नाही ना जाणार?" म्हणतात आणि जातात. त्यांच्या घरी गेलात तर हॉलमध्ये सात पांढरे घोडे धावत असतात. वास्तूला चांगले म्हणे. फ्लॅटला कोटभर मोजलेले असतात, मॉड्युलर किचनला आठ लाख, आणि घोडे प्लास्टिकच्या फ्रेमसकट बाराशेला. ह्या घोड्यांनी महाराष्ट्रातले जेवढे चित्रकार तुडवले तेवढे टीकाकारांनीही तुडवले नसतील. टीकाकार उरलेत कुठं? पूर्वी पेपरात प्रदर्शनाबद्दल चार ओळी तरी यायच्या. शिव्या असल्या तरी त्या आपल्या नावानं असायच्या. आता उद्घाटनाचा फोटो येतो आणि त्यात दीपप्रज्वलन करणारे पाहुणे. ज्याची चित्रं तो समईच्या मागे.

गर्दी पांगल्यावर माझं चित्र काढणारी मुलगी आली. दुसऱ्या वर्षाची, नखांत काळं. हात जोडून म्हणाली, "सॉरी काका, विचारायला हवं होतं. पण तुम्ही इतके छान झोपला होतात."

मी नरमलो. खरं सांगायचं तर काम चांगलं होतं. मफलर तर तिनं खोडरबरानं उजेड उचलून असा केला होता की लोकर हाताला लागावी. पण एवढी कबुली सरळ दिली तर मी चित्रकार कसला? म्हणून अर्धा डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा पेन्सिलवर सरकवत मी म्हणालो, "उजवा कान खाली गेलाय तुझा. कान कुठून कुठपर्यंत? भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. फाउंडेशनलाच शिकवतात."

"हो काका. मलाही आधी तसंच वाटलं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "म्हणून मी तीनदा मोजला. तो आहेच खाली."

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. अभिप्रायाच्या वहीत 'उत्तम निरीक्षण' लिहिलं, नाव घातलं, त्यापुढे 'चित्रकार' लिहिलं. वर आधीच कुणीतरी लिहून गेलं होतं : 'थकवा छान. म्हातारा जिवंत वाटतो.'

पार्किंगमध्ये आलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून स्कूटरच्या आरशात वाकलो. चष्मा काढला, मान वळवली, खिशातली पेन्सिल भुवईला आडवी लावली आणि डाव्या कानावरून उजव्यावर नेली. अर्धा सेंटिमीटर. फार तर पाऊण. चौपन्न वर्षांत बायकोनं सांगितलं नाही, न्हाव्यानं सांगितलं नाही.

"टेप देऊ का?" मेथीची जुडी सांभाळत, शेजारच्या गाडीला किल्ली लावत काका म्हणाले.