फास्टनर किती ठोकले, यापेक्षा भिंत कसली आहे ते बघा

नमस्कार. एवढी सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की पन्नास-साठ किलोच्या ऑनिंगसाठी, म्हणजे भिंतीतून पुढे येणाऱ्या गुंडाळत्या कापडी छतासाठी, बीम शोधा, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा असं सांगून मी लोकांना उगाच घाबरवतो. तुमच्या फॅब्रिकेटरने सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर (भोकात फुगून बसणारे बोल्ट) ठोकून अर्ध्या दिवसात काम उरकलं आणि दोन पावसाळे काही झालं नाही.

वजनाचा आकडा मला मान्य आहे, पण प्रश्न वजनाचा नाहीच. चार मीटर रुंद आणि तीन मीटर पुढे येणारं ऑनिंग म्हणजे बारा चौरस मीटर कापड. ताशी ३८ किलोमीटरचा वारा, ज्यात लहान झाडं डोलायला लागतात एवढंच, त्या कापडावर साधारण ८५ किलोचा जोर देतो. युरोपातल्या ईएन १३५६१ मानकात हा वाऱ्याचा दुसरा वर्ग आहे. आपल्याकडचा वळीव त्याच्या कितीतरी पुढे जातो. हा जोर भिंतीपासून सरासरी दीड मीटरवर पडतो आणि ऑनिंगला भिंतीशी धरणाऱ्या ब्रॅकेटचा वरचा बोल्ट त्याच्या खालच्या टोकापासून असतो जेमतेम १५ सेंटीमीटरवर. म्हणजे दहापट. वरच्या बोल्टांना मिळून साडेआठशे किलोची ओढ बसते, आणि तीही खाली नाही, सरळ बाहेर. वारा खालून शिरला की ओढ उलटी फिरते. असं आलटून-पालटून होत राहिलं की बोल्ट हळूहळू सैल होतो.

सिपोरेक्सचा ब्लॉक हलका असतो कारण त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. साधा फास्टनर भोकात फुगून, कडांवर दाब देऊन धरतो. काँक्रीट तो दाब सोसतं, सिपोरेक्स आतून चुरतो. जुन्या भरीव विटेतही भोक सांध्याजवळ पडलं तर वीट फुटते. म्हणून ब्रॅकेट शक्यतो आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) बीमवरच घ्यावा. बीम नसेल तर भिंतीतून आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूला लोखंडी पट्टी, किंवा सरळ जमिनीवर उभे खांब. केमिकल अँकर वापरायचाच तर भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढायला हवी. धूळ राहिली तर केमिकल भिंतीला नाही, धुळीला चिकटतं. घाईत नेमकं हेच राहतं. शिवाय ते सुकायच्या आत नट आवळायचा नाही.

खिडकीवरच्या मीटरभर छोट्या ऑनिंगला इतका खटाटोप लागत नाही, हे तुमचं बरोबर आहे. तिथे ओढ फारच कमी असते.

पण तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ वाचून मी थांबलो. ब्रॅकेटच्या वर गिलाव्यात बारीक तडा गेला होता, त्यात पुट्टी भरली, असं तुम्ही सहज लिहून गेलात. तो तडा गिलाव्याचा असेल असं मला वाटत नाही. वरचा बोल्ट बाहेर येऊ लागला की तडा नेमका तिथेच उमटतो. ऑनिंग आजच गुंडाळा, खाली कुणाला बसू देऊ नका. मग पुट्टी खरवडून, ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड सरकतंय का ते बघा. सरकलं तर शिडीवर चढून स्वतः नट आवळत बसू नका, त्याने चुरलेला ब्लॉक आणखी चुरतो. ऑनिंग उतरवूनच घ्या आणि बीम कुठे आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. भिंतीचा फोटो पाठवलात तर मीही जरूर बघेन.