जाहिराती कापू नका

व्हीएचएस कॅसेट डिजिटल करताना बहुतेक जण सगळ्यात आधी जाहिराती कापतात. माझं मत नेमकं उलट आहे. अमेरिकेत टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट असेल, तर एक वेळ मालिका गेली तरी चालेल, मधले ब्रेक ठेवा. गाजलेल्या मालिकेची मूळ प्रत स्टुडिओकडे असते. गावातल्या फर्निचरवाल्याची जाहिरात, रात्रीच्या स्थानिक बातम्यांची झलक, बर्फामुळे बंद असलेल्या शाळांची खाली सरकणारी यादी मात्र बहुधा कुणीच जपलेली नसते. शिवाय एफसीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारण नियामक संस्थेच्या, नियमाप्रमाणे टीव्ही केंद्राला दर तासाला आपली कॉल-अक्षरं (केंद्राची अधिकृत ओळख-अक्षरं) आणि शहराचं नाव द्यावं लागतं, आणि ते बहुधा ब्रेकमध्येच येतं. ब्रेक कापलात की हे प्रक्षेपण कुठलं, याचा पुरावाही गेला.

देशभर कार्यक्रम पुरवणाऱ्या नेटवर्कांनी सगळं जपलंच असेल, असं वाटत असेल तर इतिहास बघा. १९४७ पासून थेट कार्यक्रम टिकवायचा मुख्य मार्ग किनेस्कोप होता, म्हणजे मॉनिटरच्या पडद्याचंच फिल्मवर चित्रीकरण. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीचं दोन इंची टेपचं यंत्र आलं. एका तासाच्या रिळाला सुमारे ३०० डॉलर पडत आणि तेच रीळ पुसून पुन्हा वापरता येई. मग पुसलंच. जॉनी कार्सनच्या रात्रीच्या गप्पांच्या ‘टुनाइट शो’चे १९६२ ते १९७२ या दशकातले बहुतेक भाग असेच गेले. जानेवारी १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही नेटवर्कांनी दाखवला, पण पूर्ण टेप दोघांकडेही उरली नाही. पुढे सापडली ती पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने घेतलेली प्रत, तीही अपुरी. १९५६ मध्ये बंद पडलेल्या ड्यूमाँट नेटवर्कची रिळं सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या खाडीत फेकली गेली, अशी साक्ष अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये दिली होती.

उरलं ते बरंचसं बाहेरच्यांमुळे. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून रोजच्या नेटवर्क बातम्या रेकॉर्ड करायला घेतल्या. सीबीएसने त्यांच्यावर खटला भरला, पण १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने ग्रंथालयांना बातम्या रेकॉर्ड करण्याची मुभा दिली. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी तर घरात अनेक व्हीसीआर लावून २०१२ मध्ये मरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवलं. त्यांच्या सुमारे ७०,००० कॅसेट आज इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाकडे आहेत. त्यांनी जाहिराती वगळल्या नाहीत, म्हणूनच त्या संग्रहाला इतकं मोल आहे.

आता तुमच्या बेसमेंटमधल्या खोक्याकडे वळू. न्यू जर्सीत काय किंवा शिकागोत काय, ऐंशीच्या दशकात गेलेल्या मराठी घरांतही अशा कॅसेट असतात. काही पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडेही आल्या असतील. त्या एनटीएससी या अमेरिकी टीव्ही-पद्धतीच्या आहेत, म्हणून आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या जुन्या व्हीसीआरवर धड दिसत नाहीत. तेवढ्यावरून कॅसेट खराब झाली असं समजून फेकू नका.

आधी कॅसेटच्या कडेची रेकॉर्डिंगची टिकली मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घातली तर यंत्राचे हेड (फिरत्या ड्रमवरचे, टेप वाचणारे भाग) खराब होतातच, वर त्यानंतरच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागते. ती वेगळी काढून जाणकाराकडे द्या. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी वापरा, कापूस नको. काडी स्थिर धरून ड्रम हाताने फिरवायचा. काडी खालीवर घासली की हेड तुटलाच म्हणून समजा.

सहा तासांच्या ईपी या संथ वेगातली रेकॉर्डिंग सर्वांत त्रास देतात. एसपी या नेहमीच्या वेगात टेपवरच्या ट्रॅकची रुंदी ५८ मायक्रॉन असते, ईपीत फक्त १९. त्यामुळे एका यंत्रावर भरलेली टेप दुसऱ्यावर पट्टे मारते. व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवूनही जमलं नाही तर दुसरा व्हीसीआर लावून बघा, टेपला दोष देऊ नका. पण हे लवकर करा, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. चांगले हेड आता जुन्या यंत्रांतूनच मिळतात.

व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड (चित्र संगणकात घेणारं कार्ड) यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या ओळींची वेळ सुधारणारं यंत्र, हवाच. जुन्या टेपमधून त्या ओळी वेळेवर येत नाहीत. स्वस्त यूएसबी कार्ड मग गोंधळून फ्रेम गाळतं, आणि तासाभराने ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. जोडणी शक्यतो एस-व्हिडिओने करा. मूळ फाइल इंटरलेस्डच ठेवा, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं (फील्ड) मिळून एक फ्रेम. डीइंटरलेस करणं हे बघायच्या प्रतीचं काम, कारण एकदा टाकलेली फील्ड परत मिळत नाहीत. १० बिट अनकॉम्प्रेस्ड घेतलं तर तासाला सुमारे १०० जीबी लागतात, एफएफव्ही१ या काहीही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि चित्राचा एक बिंदूही जात नाही. थेट एमपी४ करू नका. व्हीएचएसच्या कणांनी भरलेल्या चित्राचा त्यात चिखल होतो. आणखी एक, एनटीएससीच्या २१ व्या ओळीत कर्णबधिरांसाठीचे मथळे लपलेले असतात आणि बरीच कार्डं ती ओळ छाटतात. तुमचं कार्ड ती ठेवतं का, हे पहिल्याच कॅसेटवर तपासा.

फाइलच्या नावात तारीख, कॉल-अक्षरं आणि शहर घाला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला कॉल-अक्षरं बहुधा डब्ल्यूने सुरू होतात, पश्चिमेला केने. तारीख माहीत नसेल तर बातम्यांतलं हवामान आणि सिनेमांच्या जाहिराती यांवरून ती बऱ्याचदा आठवड्यापर्यंत काढता येते. खोक्यावरच्या लेबलाचा फोटो फाइलबरोबर ठेवा, त्यावर पेनाने खोडलेलं काही असेल तर तेही दिसू द्या. खोडलेल्या कार्यक्रमाचा शेवटचा तुकडा पुष्कळदा कॅसेटच्या टोकाशी शिल्लक असतो, म्हणून ‘स्टॉप’ दाबण्याआधी टेप पूर्ण संपू द्या.