कानात घट्ट बसणारे इअरफोन कान घालवत नाहीत

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आत्याने टाकला, तोही माझं नाव घेऊन, कारण मी रोज डोंबिवली ते दादर गाणं ऐकत जातो. त्यात म्हटलंय की रबरी बोंडांचे, कानाच्या आत घट्ट बसणारे इअरफोन आवाज थेट पडद्यावर मारतात. आत हवा कोंडते आणि पडदा फाटतो. तासाभरात कानातले जंतू ७०० पटींनी वाढतात. मळ अडतो. बाहेरचं काही ऐकू येत नाही म्हणून अपघात होतात. तेव्हा जुने, कानाच्या तोंडाशी सैल बसणारे इअरफोन वापरा, ते सुरक्षित. आत्याची काळजी खरी आहे. पण हा सल्ला मानून कोणी लोकलमध्ये सैल इअरफोन लावून बसलं, तर कान जास्त लवकर बिघडतील. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आवाज थेट पडद्यावर’ हा मुद्दा ऐकायला पटतो, पण मोठ्या आवाजाने जे बिघडतं ते मुळात पडद्यात नसतं. ते पडद्यामागे, अंतर्कर्णातल्या शंखाच्या आकाराच्या भागात असतं. तिथल्या नाजूक केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. त्यांना आवाज जवळून आला की लांबून, याने फरक पडत नाही. तो किती मोठा आणि किती वेळ, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा याचं माप) आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५.

आता हा हिशेब गाडीत नेऊन बघा. मी ख्याल ऐकतो. विलंबित, म्हणजे संथ भाग, सुरू होताना गायक जवळजवळ कुजबुजत असतो, मागे तानपुरा. सैल इअरफोनमध्ये गाडीची घरघर, दाराशी चाललेली बोलणी, पुढच्या स्टेशनची घोषणा सगळं आत येतं आणि तानपुरा पार बुडतो. मग बोट आपोआप व्हॉल्यूमवर जातं. कळव्याच्या खाडीपुलावर अजून दोन पायऱ्या वर. सर्वांत हळू जागा ऐकू यावी म्हणून आवाज वाढवलेला असतो, आणि पुढे द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू होतं, तबला उसळतो, ताना येतात, ते सगळं त्याच वाढवलेल्या आवाजात कानावर आदळतं. माझ्या फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. सैल इअरफोनवर मी अकरा-बारावर असायचो. घट्ट बोंडांचे घेतल्यापासून पाच-सहावर ऐकतो आणि खर्जाची तार स्वच्छ लागते.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेत ब्रायन फ्लिगर आणि टेरी आइव्ह्ज या कानांच्या अभ्यासकांनी २००६ साली हेच तपासलं होतं. विमानाच्या केबिनसारख्या गोंगाटात साधे इअरफोन लावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी आवाज ८५ डेसिबलच्या वर नेला. बाहेरचा आवाज अडवणारे लावल्यावर तेवढा आवाज करणारे सुमारे २० टक्केच उरले.

यात एक गोष्ट मात्र मजकूरवाल्याच्या बाजूची आहे. कान बंद झाला की त्याच आकड्यावर आवाज मोठा लागू शकतो. जुन्या सवयीने अकरावर ठेवून नवे इअरफोन घातले तर दणका बसेल. आधी व्हॉल्यूम तळाला न्या, मग घाला, मग हळूहळू वर या.

पडदा फाटण्याचं म्हणाल, तर कारखान्यात यंत्रांपाशी काम करणाऱ्यांना कान वाचवायला जी फोमची बोंडं देतात, ती याच आकाराची आणि अशीच घट्ट असतात. ऐकण्याची तपासणी करणारे ऑडिओलॉजिस्टसुद्धा बऱ्याचदा फोमच्या टोकाचे इअरफोन कानात बसवून तपासणी करतात. घाईने ढकलले तर दाब जाणवतो, खसकन ओढले तर दुखतं, हे खरं. कानाची वरची कड वर आणि मागे ओढून हळूच बसवा, काढताना जरा फिरवून काढा. निरोगी पडदा एवढ्याने फाटत नाही.

जंतूंच्या ७०० पटींबद्दल: किती होते आणि किती झाले, हे मजकुरात कुठेच नाही. त्वचेवर जंतू असतातच, त्यांची नुसती संख्या वाढणं म्हणजे आजार नव्हे. ओला कान, मळकट बोंडं आणि एकमेकांचे इअरफोन वापरणं, त्रास यातून होतो. बोंडं काढून साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. मळाचा मुद्दा मात्र खरा आहे. कानातला मळ आपला आपण बाहेर सरकत असतो आणि दिवसभर बूच लावून ठेवलं तर तो अडू शकतो. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत काहीही घालू नका.

अपघाताची भीती शंभर टक्के योग्य आहे. पण सैल इअरफोन मोठ्या आवाजात लावून रस्ता ओलांडणाराही तितकाच धोक्यात असतो. मी गाडीत बसल्यावर घालतो आणि दादर यायच्या आधी काढतो. फलाटावर, रस्त्यावर, दुचाकीवर कुठलेच नाहीत.

एक राहिलं. हे सगळे फायदे बोंड नीट बसलं तरच मिळतात, आणि पुष्कळ जण डब्यात आलेलं मधल्या मापाचं बोंड तसंच वापरतात. तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, पातळ, पत्र्यावर वाजल्यासारखा ऐकू आला तर कुठेतरी फट राहिली आहे. दोन्ही कान एका मापाचे असतातच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मधलं लागतं, उजव्याला मोठं, हे कळायला मला दोन महिने लागले.