कपाटातला पी

मनू तिसरीत आहे. इंग्रजीच्या बाई तिला रोज दहा शब्द डिक्टेशनला देतात आणि ते करून घेणं माझ्याकडे लागलंय. "मामाचं इंग्रजी चांगलं आहे," असं ताई म्हणाली, तेव्हाच मला वास यायला हवा होता.

"मामा, कपबोर्ड म्हणजे?"

"कपाट. आणि म्हणायचं कबर्ड. पी बोलत नाही."

"मग लिहायचा कशाला?"

"असतो एखादा पाहुणा. बोलत नाही, पण पान वाढावं लागतं."

"पण कप म्हणजे कप आणि बोर्ड म्हणजे फळा. आपल्या कपाटात कप कुठेत?"

खरंच नव्हते. कपाटात साड्या, विम्याच्या पावत्या आणि लग्नात आलेला, अजून खोक्यातच असलेला डिनर सेट. कप स्वयंपाकघरात, मांडणीवर.

शब्दकोश काढला. बोर्ड म्हणजे मूळ फळी. त्यावरून टेबल, पुढे टेबलावरचं जेवणही. (लॉजच्या पाटीवरच्या 'बोर्डिंग-लॉजिंग'मधलं बोर्डिंग म्हणजे जेवण. मी इतकी वर्षं दोन्ही शब्दांचा अर्थ झोपणंच समजत होतो.) १४व्या शतकात कबर्ड म्हणजे पेले मांडायचं उघडं टेबल. श्रीमंत त्यावर चांदीची भांडी मांडत, पाहुण्यांना दिसावीत म्हणून. थोडक्यात, आपली मांडणीच! दारं नंतर आली.

"आणि 'कपाट' या शब्दातला 'कप'?"

इथे मी हरलो असतो. पण संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आपलं कवाड त्यातलंच. केदारनाथची कपाटं दिवाळीनंतर बंद होतात, ती दारंच. आत कोणी साड्या ठेवत नाही. म्हणजे इंग्रजांनी टेबलाला दारं लावली, आपण दारामागे फळ्या ठोकल्या, आणि दोघांचंही कपाटच झालं. मला हे फार आवडलं. मनूनं जांभई दिली.

तिला जागं ठेवायला मी वाक्यात उपयोग काढले. 'कबर्डमधला सांगाडा' म्हणजे घराण्याचं लपवलेलं लफडं. "आपल्याकडे आहे?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. मी घाईघाईनं पुढच्यावर गेलो: 'कबर्ड लव्ह', म्हणजे खाऊवर डोळा ठेवून केलेली माया. याला चपखल मराठी प्रतिशब्द काय, म्हणून मी डोकं खाजवत होतो, तोच गळ्यात दोन हात पडले.

"मामा, तू जगात सगळ्यात हुशार आहेस. वरच्या कपाटातला चॉकलेटचा डबा काढ ना."

प्रतिशब्द आठवला, तेव्हा मी स्टुलावर चढलेला होतो.