म्हातारीचा नंबर किती?

‘परीकथा आणि बालसाहित्य’ हा विषय घेतलाय म्हटलं की समोरचा माणूस आधी खुदकन हसतो. “म्हणजे गोष्टी वाचायच्या? मज्जा आहे बुवा!” मग थोडा वेळ थांबून, आवाज खाली आणून विचारतो, “पण मग याची परीक्षा कशी घेतात?” तोंडी परीक्षेत आम्हाला कावळ्याचा आवाज काढायला लावत असावेत, अशी त्याची समजूत असते. तसं असतं तर मी पहिल्या वर्गात आले असते.

आम्हाला लावतात ते नंबर काढायला.

जगातल्या लोककथांना नंबर असतात, रेशनकार्डाला असतात तसे. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० मध्ये पहिली यादी केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसननी ती १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली आणि २००४ मध्ये जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उठर यांनी तिचे तीन जाडजूड खंड केले. तिघांची आद्याक्षरं जोडून तिला एटीयू म्हणतात. १ ते २९९ प्राण्यांच्या गोष्टी, ३०० ते ७४९ जादूच्या, पुढे देवाधर्माच्या, मूर्ख राक्षसांच्या, विनोदी, आणि शेवटी २००० च्या पुढे ठरीव साच्याच्या, म्हणजे साखळीसारख्या वाढत जाणाऱ्या वगैरे. सिंड्रेला ५१०-ए, लाल टोपीवाली मुलगी ३३३, हिमगौरी ७०९. एकदा हे पाठ झालं की माणूस बिघडतो. लग्नाच्या पंगतीत कुणी किस्सा सांगायला लागलं तरी मनात “हा चौदाशेच्या आसपास बसेल” असं सुरू होतं.

आता नंबर कसा काढायचा ते सांगते. सोपी वाटणारी गोष्ट घेऊ, भोपळ्यातली म्हातारी.

आधी गोष्ट मिळवायची. पुस्तकातली चालत नाही, तोंडी हवी, म्हणजे एखादी आजी गाठणं आलं. आजीसमोर मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवला की जन्मभर “येक म्हातारी व्हती” म्हणणारी आजी पदर सावरून सुरू करते, “एका गावामध्ये एक वृद्ध स्त्री वास्तव्य करत होती.” हे रेकॉर्डिंग कामातून गेलं. यावर उपाय एकच: मध्ये एक चार वर्षांचं पोर बसवायचं. मग आजी पोराकडे बघून सांगते, मोबाईल विसरते आणि म्हातारी पुन्हा ‘व्हती’वर येते. पोर दर दोन वाक्यांनी “का?” विचारतं, तेही रेकॉर्ड होऊ द्यायचं, आजी त्या ‘का’ला काय उत्तर देते ते कित्येकदा गोष्टीपेक्षा मोलाचं असतं. आपण मात्र मध्ये तोंड उघडायचं नाही. “आणि मग वाघ भेटला ना आजी?” असं आपण म्हटलं, की आजीच्या गोष्टीत मुळात नसलेला वाघ शिरलाच म्हणून समजा. गोष्ट संपल्यावर विचारायचं: कुणाकडून ऐकली, कुठल्या गावी, तेव्हा वय किती होतं. पंख्याचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या आणि “चहा घेणार ना?” यांच्यासकट ते कागदावर उतरवायचं. दहा मिनिटांच्या गोष्टीला तासभर सहज जातो.

मग सांगाडा काढायचा. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत जंगल, जंगलात खायला टपलेले प्राणी. ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. परतताना भोपळ्यात बसून येते. हे घेऊन खंड उघडला की १२२-एफ सापडतो. त्या प्रकाराचं नावच मुळी ‘मी लठ्ठ होईपर्यंत थांब’. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा वाचनालयात मी इतक्या जोरात “म्हातारी!” म्हणाले की समोरच्या टेबलावरच्या बाईंनी दुखावून वर पाहिलं.

आनंद फार टिकत नाही. १०० ते १४९ हा विभाग आहे ‘रानटी आणि पाळीव प्राणी’. जगात बऱ्याच ठिकाणी या गोष्टीत कोकरू किंवा करडू असतं, त्यामुळे ते तिथे शोभतं. आमची म्हातारी तिथे बसवायची तर ती रानटी की पाळीव, हे आधी ठरवावं लागतं. टीप देऊन सुटका करून घ्यायची असते: ‘येथे पाळीव प्राण्याच्या जागी मानवी स्त्री’. हे वाक्य लिहिताना घरातलं कुणी मागे उभं नाही ना, हे पाहून घ्यावं.

त्यानंतर प्रॉप. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये शंभर रशियन जादूकथा चिरफाड करून पाहिल्या आणि सांगितलं की त्यांत ३१ च घटना असतात. सगळ्या प्रत्येक गोष्टीत नसतात, पण असतील त्या ठरलेल्या क्रमाने येतात. विद्यार्थ्याला हे इतकं आवडतं की तो दिसेल त्या गोष्टीला लावत सुटतो. म्हातारीला लावून बघा: ११ वी घटना प्रस्थान, आहे. १४ वी जादूची वस्तू मिळणं, भोपळा, आहे. २० वी परत फिरणं, २१ वी पाठलाग, २२ वी सुटका, वा वा! आणि ३१ वी घटना, नायकाचं लग्न. इथे पेन थांबतं. चूक म्हातारीची नाही. प्रॉपने हे फक्त जादूकथांपुरतं मांडलं होतं, प्राणिकथांना ते लावायचंच नसतं. उत्तरपत्रिकांमध्ये मात्र दरवर्षी बऱ्याच म्हाताऱ्या बोहल्यावर उभ्या राहत असाव्यात.

दुसरी हमखास चूक चपलेची. गोष्टीत हरवलेली चप्पल दिसली की सगळे धावत ५१०-ए कडे जातात. १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचं पुस्तक निघालं. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर होती, बरोबर तिची आया ॲना लिबेराता डिसूझा. प्रवासात वेळ जाईना म्हणून मेरीने तिला गोष्टी सांगायला लावल्या आणि लिहून काढल्या, तेच हे पुस्तक. ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या होत्या. त्यात एक सोदेवाबाई आहे. तिची रत्नजडित चप्पल डोंगरावरून घरंगळते, राजपुत्राला सापडते, लग्न होतं. झाली सिंड्रेला? नाही. सावत्र आई नाही, राख नाही, घरकाम नाही. तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात आहे आणि सवत तो हार चोरते. दिवसा सवत हार घालते तेव्हा ही मेलेली, रात्री तिने काढून ठेवला की ही जिवंत. चप्पल हा नुसता कथाबीजाचा तुकडा, तो कुठल्याही गोष्टीत जाऊन पडतो. नंबर ठरतो तो अख्ख्या सांगाड्यावर.

त्याच पुस्तकातली पहिली गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची. त्याचा जीव दूरच्या जंगलात, ताडांच्या रिंगणात, एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरींच्या खाली, पिंजऱ्यातल्या छोट्या हिरव्या पोपटात. राजपुत्र पोपटाचा उजवा पंख उपटतो आणि इकडे पंचकिनचा उजवा हात गळून पडतो. युरोपात हीच गोष्ट ३०२ नंबरची. तिथले राक्षस जीव अंड्यात ठेवतात. आपल्याकडे पोपटात. माझ्या मते आपली व्यवस्था जास्त धोक्याची, कारण अंडं निदान कुणाला पत्ता तरी सांगत नाही.

जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिमबंधूंबद्दल एवढंच सांगते की ‘मूळ ग्रिम’ असं लिहिण्यापूर्वी आवृत्ती बघा. पहिला खंड १८१२ चा, सातवी आवृत्ती १८५७ ची, आणि मध्ये धाकट्या विल्हेल्मने सतत हात फिरवलाय. १८१२ मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. मनोऱ्यात कोंडलेल्या रापुंझेलने पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारलं होतं की माझे कपडे हल्ली घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे तिला दिवस गेले होते. मुलांच्या पुस्तकात हे कसं, म्हणून ते वाक्य गेलं. दोघे भाऊ खेडोपाडी पायपीट करत हिंडले हेही खरं नाही. पुष्कळशा गोष्टी घरी येणाऱ्या सुशिक्षित मुलींनीच सांगितल्या. आणि बेडकाला तिथली राजकन्या मुका देत नाही, भिंतीवर आपटते. हे घरच्या लहान मुलांना सांगू नये. ती करून बघतात. आपल्याकडे बेडूक मिळाला नाही तर पाल आहेच.

राहता राहिलं लेखन. आजीचं बोलणं कागदावर उतरवताना सगळ्यात जास्त चुका पुनरावृत्तीत होतात. लांडगा विचारतो, वाघ विचारतो, कोल्हा विचारतो, तिघांना एकच उत्तर. तिसऱ्यांदा लिहायचा कंटाळा येऊन हात आपोआप ‘वगैरे’ किंवा ‘वरीलप्रमाणे’ लिहितो. मी एकदा तशीच प्रत तयार केली आणि तपासून घ्यायला त्या चार वर्षांच्या पोरालाच वाचून दाखवली. “वाघ म्हणाला, म्हातारे म्हातारे कुठे चाललीस? म्हातारीचे उत्तर वरीलप्रमाणे.”

त्याने पान माझ्या हातातून ओढून घेतलं. “नाही! म्हातारी-कोतारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. आणि टुणूक दोनदा!”

आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये जाऊन ऐकलं. दोनदाच होतं. मी एकदाच लिहिलं होतं.