माझ्या रक्ताचं काय झालं?

आज सकाळी उपकेंद्राच्या वाटेवर यंदाचा पहिला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पडलेला दिसला. त्या वासानं लोकांना हुराक, काजूची ताजी दारू, आठवतो, मला गोचीड आठवते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आरोग्याचं काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हेच होतं, कारण काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आमच्या कागदांवर केएफडी. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापानं पडली, तेव्हा हा विषाणू सापडला. गोव्यात तो 2015 मध्ये आमच्या सत्तरीतल्या पाली गावात दिसला आणि पुढच्याच वर्षी शेजारी सिंधुदुर्गात. तो गोचिडीतून येतो. मोठी गोचीड निदान दिसते तरी. माणसाला चावतं ते बहुतेक वेळा तिचं पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढं, पाचोळ्यात बसलेलं. आणि काजूची बी वेचणारी बाई दिवसभर त्याच पाचोळ्यात वाकून हात घालत असते. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. पण त्यावर नेमकं औषध नाही, आणि जुनी लस फारशी कामाची नव्हती म्हणून वापरातून गेली. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. हाती उरतं एवढंच की लवकर कळायला हवं.

कळतं कुठून? लोकांना वाटतं प्रयोगशाळेतून. प्रयोगशाळा नंतर येते. आधी कुणीतरी सांगावं लागतं, "बाय, आमच्या बागेत वरच्या अंगाला माकड मरून पडलंय." माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तिथेच नव्या अंगाची वाट बघत बसतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या भोवती पन्नास मीटरपर्यंत मेलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारायची असते, आणि काही दिवस तिकडे कुणी फिरकायचं नसतं. हे त्याच दिवशी झालं तर उपयोग. आठ दिवसांनी कळलं तर त्या वाटेनं पंधरा माणसं जाऊन आलेली असतात.

आता सांगणाऱ्याच्या बाजूनं बघा. बोंडू झाडावरून पडला की एका दिवसात नासतो. रस काढायचा तर त्याच दिवशी मळायला लागतो. ज्यानं बाग लिलावात घेतली आहे त्याचे सगळे पैसे या दोन-अडीच महिन्यांत सुटायचे असतात, आणि वेचणारीची मजुरी रोजची. अशा वेळी "माकड मेलंय" असं सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं बाग बंद करून घेणं. तरीही माणसं सांगतात, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि कधीकधी सांगत नाहीत. ती चूक कुणाची, हे मला एका काकीनं शिकवलं.

2016 चा हंगाम होता. काकींना तीन दिवस सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, पाठीची कणीक झालेली. मी रक्त घेतलं, लेबल लावलं, बर्फाच्या निळ्या पेटीत ठेवून वर पाठवलं. जाताना म्हटलं, "काकी, रिपोर्ट आला की सांगते." काकी बऱ्या झाल्या. रिपोर्ट कुठल्या टेबलावर अडकला, माझ्यापर्यंत आलाच नाही. मी एकदा विचारलं, मग दुसरी गावं, दुसरे ताप, आणि मी विसरून गेले.

पुढच्या हंगामात त्यांच्या दिराला ताप आला. मला कळलं ते सहाव्या दिवशी, नाकातून रक्त यायला लागल्यावर, बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेताना. त्यांच्या घरामागे त्याआधी माकड मरून पडलं होतं. काठीनं ओढून घळीत टाकलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दीर वाचले, पण त्या घराचा अख्खा हंगाम गेला आणि माणूस पुढे कितीतरी दिवस अशक्त होता. मी जरा रागातच विचारलं, "काकी, मला का नाही सांगितलं?" त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाय, गेल्या वर्षी रक्त नेलंस. माझ्या रक्ताचं काय झालं, ते तू सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली. जेवढे नमुने जातील तेवढ्या ओळी. तारीख, वाडा, फोन, आणि शेवटचा रकाना "सांगितलं". तो रकाना भरेपर्यंत ती ओळ संपली असं मी मानत नाही. पॉझिटिव्हची धावपळ सगळेच करतात, यंत्रणा हलते, गाडी येते. निगेटिव्ह सांगायला कुणी जात नाही. मी जाते. पहिल्यांदा गेले त्या घरातल्या आजोबांनी पाणी आणि गूळ पुढे ठेवला आणि म्हणाले, "एवढंच सांगायला चढ चढून आलीस?" मी उठायला लागले तेव्हा ते सहज म्हणाले की परवापासून पलीकडच्या बागेत वास येतोय. आम्ही गेलो. लाल तोंडाचं माकड होतं. संध्याकाळच्या आत पावडर मारून झाली.

मी काही मोठी साथतज्ज्ञ नाही. पण इतकी वर्षं हेच काम केल्यावर एक गोष्ट खात्रीनं सांगते. साथ पकडायची आपली सगळी व्यवस्था खालून वर बातमी नेण्यासाठी बांधलेली आहे. देशात 2004 पासून रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. आधी दर आठवड्याला कागदी फॉर्म भरायचो, आता ऑनलाइन नोंदी. आकडा काही मिनिटांत वर जातो, आणि हे चांगलंच आहे. पण ज्याच्या अंगातून तो आकडा निघाला त्याच्याकडे काहीच परत येत नाही. ही वाट एकेरी राहिली की हळूहळू वर जाणंही थांबतं.

आणि हे फक्त जंगलातलं नाही. पणजीकडे, कळंगुट-कांदोळीकडे मलेरियाच्या कामावर होते तेव्हाही हेच पाहिलं. इमारतींच्या बांधकामावर स्लॅबवर पाणी साठवून ठेवतात, त्यात डास होतात, आणि तिथेच झोपणारा कामगार ताप लपवतो, कारण ताप सांगितला तर हजेरी बुडते. मुकादम म्हणतो, "काही नाही मॅडम, सगळे ठीक आहेत." व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या त्याला पुऱ्या करायला लावायच्या तर आधी त्यानं ताप सांगायला पाहिजे ना.

आपल्याला, मराठी माणसांना, हे कुणी नव्यानं शिकवायला नको. 1897 च्या पुण्यात प्लेगच्या साथीत इंग्रज अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरं धुंडाळली, लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली. त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेत होत्या. त्यातच प्लेगनं त्या गेल्या, 10 मार्चला. साथ एकच होती. एका दाराला लोक आतून कडी लावत होते आणि दुसऱ्या दारात पोर आणून ठेवत होते.

आणखी एक आठवतं, ते आमच्या गोव्याचंच. 1563 साली इथेच छापलेल्या पुस्तकात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन केलं, आणि इथली माणसं त्या रोगाला काय म्हणतात तो शब्दही नोंदवला. तो आपला "मोडशी". पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, तिथून जाताना मला दरवेळी वाटतं, त्यानं आजाऱ्याच्या तोंडचा शब्द कानावर घेतला. आम्ही अजून वाड्यावर जाऊन "केएफडी, केएफडी" करतो आणि समोरची बाई नुसती मान हलवते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्याचं रक्त घेतलं त्याला निकाल मिळालाच पाहिजे, मराठीत किंवा कोंकणीत, माणसाच्या तोंडून, निगेटिव्ह असला तरी. मेलेल्या माकडाची खबर देऊन ज्याची बाग बंद पडते त्याला त्या दिवसांची भरपाई द्या. ती रक्कम एका रुग्णाच्या अतिदक्षता विभागातल्या खर्चापुढे काहीच नाही. आणि गावात फिरणाऱ्या मुलामुलींना वर्षावर्षाच्या करारावर ठेवू नका. त्यांच्या कराराबरोबर गावाचा विश्वासही संपतो, नवीन मुलगी येते आणि पुन्हा पहिल्या चढावापासून सुरुवात करते. पौषात धालोच्या नाचगाण्यांसाठी मांडावर बायका जमतात तेव्हा मी दरवर्षी जाते, गोचीड दूर ठेवणाऱ्या डेपा तेलाची बाटली घेऊन. तेल कसं लावायचं, बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात कसे भिजवायचे, हे चार वाक्यांत सांगून होतं. ऐकतात, कारण मला ओळखतात. ती ओळख व्हायला मला सहा वर्षं लागली.

सत्तरी, डिचोली, दोडामार्ग, सांगे, जिथे कुठे काजूत जाणारे हे वाचत असतील त्यांना सांगते. माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, जवळच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. बागेतून आल्यावर ताप आला तर "बागेत गेलो होतो" हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. आणि रक्त दिलं असेल तर रिपोर्ट मागा. पुन्हा पुन्हा मागा. आम्हाला राग येणार नाही, आला तरी मागा.

काकी आता थकल्या आहेत, बागेत जात नाहीत. पण परवा त्यांच्या सुनेचा फोन आला, कुळागराच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेच्या, वर माकड मेलेलं दिसलं म्हणून. आम्ही जाऊन आलो, त्या घरातल्या दोघांना अंगात कसकस होती म्हणून रक्तही घेतलं. वहीत त्या दोन ओळींचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे. सोमवारी निकाल आला नाही तर मी स्वतः आणायला जाणार आहे.